स्तोत्र 91 म्हटलं की खिडक्या उघडायच्या नाहीत?

साथ आली की ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो: ‘खरा विश्वास असेल तर मास्क, लस, अंतर काही नको. स्तोत्र 91 म्हणा. पवित्र प्याल्यातून रोग लागत नाही. उपासनेत बदल म्हणजे सैतानापुढे माघार. आणि आजारी पडलात तर विश्वासच कमी पडला.’ एकेक मुद्दा घेऊ.

‘स्तोत्र 91 पुरेसं आहे.’ व्याधी तंबूजवळ येणार नाही, असं बायबलमधल्या या स्तोत्रात आहे खरं. पण त्याला लागूनच्या ओळी मत्तय 4 मध्ये कोणाच्या तोंडी आहेत? येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून ‘उडी टाक, देवदूत झेलतील’ म्हणणाऱ्या सैतानाच्या. येशूने उत्तर दिलं ते ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातलं (6:16): परमेश्वराची परीक्षा पाहू नको. खाली उतरायला जिना असताना उडी मारणं याला शास्त्र विश्वास म्हणत नाही. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये 1527 साली प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर रुग्णांसाठी गावातच राहिले. त्याच काळातल्या पत्रात मात्र धुरी द्या, औषध घ्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असं त्यांनी बजावलं. औषध टाळणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, हा त्यांचाच मुद्दा.

‘पवित्र प्याल्यातून रोग लागत नाही.’ प्रभुभोजनात सगळे ज्यातून द्राक्षारस घेतात त्या सामाईक प्याल्यामुळे साथ पसरल्याचा ठोस पुरावा नाही, धोका कमीच आहे. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि कारण पावित्र्य नव्हे. द्राक्षारसात अल्कोहोल साधारण 12 ते 15 टक्के, हात निर्जंतुक करायला किमान 60 लागतं. साधा द्राक्षांचा रस वापरत असाल तर तेही नाही. प्याला पुसून फिरवल्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. आशीर्वादानंतरही भाकर आणि द्राक्षारसाचे नैसर्गिक गुण तसेच राहतात, हे तर मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनीही मांडलंय.

भाकर प्याल्यात बुडवून घेण्याने प्रश्न सुटेल असं वाटतं, पण बोटं रसात जातात आणि सगळ्यांच्या हातावरचं एकाच प्याल्यात उतरतं. त्यापेक्षा छोटे वेगळे प्याले बरे. एकाच व्यक्तीने हात धुऊन, मास्क लावून ते भरावेत आणि ट्रे झाकून ठेवावा. प्याले खेटून ठेवले की आपला उचलताना शेजारच्याच्या काठाला बोट लागतं, म्हणून मध्ये जागा सोडा. रिकामे प्याले वेगळ्या ट्रेमध्ये घ्या आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवा. नुसती भाकर घेतली तरी चालतं: कॅथलिक शिकवणीनुसार भाकर किंवा द्राक्षारस, कोणत्याही एका रूपातही पूर्ण ख्रिस्त आहे, आणि इंग्लंडच्या 1547 च्या कायद्यानेही दोन्ही रूपांचा नियम घालताना निकडीची सवलत ठेवली होती. सॅनिटायझर लावून लगेच मेणबत्ती पेटवू नका, हात आधी पूर्ण कोरडे होऊ द्या.

‘बदल म्हणजे माघार.’ 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. 61 जण हजर होते; 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघे गेले. गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब जास्त उडतात आणि बंद हॉलमध्ये ते साचत जातात. उलट इंग्लंडमधल्या ईयम गावाने 1666 च्या प्लेगमध्ये उपासना उघड्या दरीत नेली. ती थांबवली नाही, जागा बदलली. बाहेर जमणं शक्य नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. छताचा पंखा तीच हवा घुसळत राहतो. गाणी थोडी आणि मास्क लावून, किंवा एकानेच म्हणावी.

हे सगळं हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी. कॉलऱ्यात खिडक्या उघडून काही होत नाही. तिथे पाणी, हात आणि प्रीतिभोजनाचं (मंडळीच्या एकत्र जेवणाचं) अन्न सांभाळायचं. जुलाब सुरू झालेल्याला उपास अजिबात नको. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा): हे थोडं थोडं पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

‘आजार म्हणजे अविश्वास.’ मग प्रेषित पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी का पोचला? त्रफिम या दुसऱ्या सहकाऱ्याला पौलाने मिलेतात आजारी सोडलं, तीमथ्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस सुचवला. तिघांना कुठे बोल लावला? या मुद्द्याचं नुकसान सगळ्यांत मोठं, कारण माणसं खोकला लपवून पहिल्या बाकावर बसतात. क्षयरोगात तर काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. प्रार्थना फळली म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. नेहमीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा असतो, तोवर बरं झाल्याची साक्ष थांबू शकते. याकोब 5:14 प्रमाणे आजाऱ्याला तेल जरूर लावा. फक्त दर माणसाला नवा कापसाचा बोळा घ्या आणि वापरलेलं बोट पुन्हा बाटलीत घालू नका.