१४,५०० रुपयांचं ते क्वांटम प्रमाणपत्र कुणीच मागत नाही

रविवारी संध्याकाळी धाकट्या बहिणीचा बांदोड्याहून फोन आला. "ताई, १४,५०० रुपये दोन हप्त्यांत भरले तर चालतात का, हे कुणाला विचारायचं?" कसले पैसे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "क्वांटमचं प्रमाणपत्र. ते नसलं तर पोरीला पुढे पीएचडी मिळणार नाही म्हणे." भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. मी वाळपईकडे उच्च माध्यमिकला फिजिक्सच शिकवते. तरी ही गोष्ट माझ्या कानावर आली ती पैसे भरायची वेळ आल्यावर. त्या रात्री तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला, एक पालकांचा आणि एक आमच्या गावचा. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज लांबलचक आहे. त्याचा गाभा असा: क्वांटम संशोधनासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६,००० कोटी चार मोठ्या संस्थांनी वाटून घेतले, गोव्याला काही नाही. क्वांटमवरची येणारी व्याख्यानं, कार्यशाळा, उन्हाळी इंटर्नशिप यांना पुढच्या वर्षापासून 'क्वांटम पात्रता प्रमाणपत्र' लागेल. पीएचडी करायची तर घरी पैसा हवा, पाच-सहा वर्षं कमाई नाही. दोन वर्षांत क्वांटम कॉम्प्युटर सगळ्यांचे यूपीआय आणि बँकेचे पासवर्ड फोडणार, त्याआधी या क्षेत्रात शिरा. आणि व्याख्यानं असतात ती प्रोफेसरांसाठी, मुलांना नेतात ते खुर्च्या भरायला. खाली क्यूआर कोड.

प्रमाणपत्रापासूनच सुरू करते, कारण घरातले पैसे तिथेच जाणार होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी बांदोड्याला गेले. भाचीने फोन पुढे केला. पोस्टरच्या वरच्या कोपऱ्यात अशोकस्तंभ, शेजारी अणूचं चित्र, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत 'मिशनच्या उद्दिष्टांशी सुसंगत'. 'मान्यताप्राप्त' असं कुठेच नाही, 'संलग्न' असंही नाही. वाचणाऱ्याने ते स्वतः समजून घ्यावं अशी रचना. क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाव येत नव्हतं, एका माणसाचं वैयक्तिक खातं उघडत होतं. अभ्यासक्रम तीन दिवसांचा, ऑनलाइन: पहिल्या दिवशी क्वांटम मेकॅनिक्स, दुसऱ्या दिवशी क्वांटम कॉम्प्युटिंग, तिसऱ्या दिवशी 'प्लेसमेंट मार्गदर्शन'. आम्हाला एम.एस्सी.ला नुसतं क्वांटम मेकॅनिक्स दोन सेमिस्टर होतं आणि तरी ते पुरं झालं असं वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, हे प्रमाणपत्र सक्तीचं केल्याचा सरकारी आदेश कुठला, तारीख सांगा. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ऑर्डर अजून पब्लिक केलेली नाही. पण सातच सीट उरल्यात." जाहीर न झालेल्या आदेशाच्या नावावर तो लोकांकडून पैसे घेत होता. माझ्या बहिणीने हे पैसे चवथीच्या खर्चातून बाजूला काढले होते.

खरी वाट कशी असते ते सांगते. फिजिक्समधल्या पीएचडीसाठी आधी सहसा एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसीची नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा, त्यानंतर मुलाखत. या परीक्षांची फी असते आणि ती परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायची असते. मुलाखतीत समोर फळा असतो. एखादा हार्मोनिक ऑसिलेटर, म्हणजे स्प्रिंगसारखं मागेपुढे हलणाऱ्या वस्तूचं गणित, सोडवायला देतात, अडलात तर कुठे आणि का अडलात ते बघतात. तिथे तीन दिवसांचा कागद पुढे केला तर कुणी वाचणारही नाही.

उन्हाळी संशोधनाचंही तसंच. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दरवर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात. साधारण दिवाळीच्या आसपास अर्ज निघतात. निवड झाली तर देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करायला मिळतं, वर विद्यावेतन. अर्जाला गुणपत्रिका लागते, आपल्याला काय करायचंय ते स्वतः लिहावं लागतं आणि ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, असाच उन्हाळी कार्यक्रम आहे. भाची एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली की तिला तिथे अर्ज करता येईल. आम्ही त्या रात्री दोन्हीकडची माहिती उघडून ओळ न् ओळ वाचली. 'क्वांटम पात्रता' नावाचा रकाना कुठेच सापडला नाही.

सरकारला या विषयातलं शिक्षण वाढवायचं असतं तेव्हा ते उघडपणे होतं. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर (जोडविषयाचा) अभ्यासक्रम तयार केला तो जाहीर करून. तो कॉलेजातून शिकायचा आहे.

आणि शिकायचंच असेल तर फुकट काय काय आहे! एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्वांटमचे पूर्ण कोर्स आहेत. ऐकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आयबीएमने आपलं क्वांटम यंत्र २०१६ पासून इंटरनेटवरून लोकांना वापरायला खुलं केलं. आजही महिन्याला काही मिनिटं फुकट मिळतात. त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचीने खातं उघडलं. दोन क्यूबिट घेतले, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे सगळ्यात छोटे घटक, मोजले की ० किंवा १ देणारे. पहिल्यावर त्याला ० आणि १ च्या मिश्रणात नेणारं हाडामार्ड गेट लावलं, मग दोघांना जोडणारं सीनॉट गेट. कागदावरच्या गणिताप्रमाणे उत्तरं दोनच यायला हवीत, ०० आणि ११, निम्मी निम्मी. तिचं काम रांगेत लागलं, थोड्या वेळाने निकाल आला. दोन उंच खांब होते खरेच, पण शेजारी दोन बुटके खांबही होते, ०१ आणि १० चे. "मावशे, हे कुठून आले?" मी म्हटलं, हा यंत्राचा गोंगाट. खऱ्या क्यूबिटला बाहेरचा जरासा धक्का लागला तरी तो बिघडतो. ती बराच वेळ त्या बुटक्या खांबांकडे बघत होती. हे तिने पोस्टरवरच्या तीन दिवसांत शिकलं असतं असं मला वाटत नाही.

आता पीएचडीला घरचा पैसा लागतो हा मुद्दा. गरीब घरातल्या मुलांना याच वाक्याने सगळ्यात जास्त मागे ओढलंय, आमच्या पिढीतही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा जून २०२३ चा आदेश कुणीही काढून वाचावा. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला, म्हणजे फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्याला, महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,०००, आणि शिवाय घरभाडे भत्ता. बहिणीला मी हा आकडा दोनदा सांगितला. तिचा पहिल्यांदा विश्वास बसला नाही, कारण शिकायचे पैसे द्यायचे असतात एवढंच तिला आयुष्यभर माहीत. फेलोशिपचे पैसे कधी कधी रखडतात, महिनोन्‌महिने येत नाहीत, हे खरं आहे आणि ते वाईट आहे. जागाही मोजक्याच असतात. पण 'पैसा असेल तरच पीएचडी' हे सरळ खोटं आहे.

६,००० कोटींच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. १९ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशनला मंजुरी दिली, ६,००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. चार केंद्रं ठरली: कॉम्प्युटिंगचं बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, कम्युनिकेशनचं आयआयटी मद्रासला, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईला, मटेरियल्सचं आयआयटी दिल्लीला. गोव्यात यातलं एकही नाही. पण तो पैसा चार इमारतींत कोंडलेला नाही. त्या केंद्रांभोवती ४३ संस्थांमधले १५२ संशोधक जोडलेले आहेत, १७ राज्यांतले आणि २ केंद्रशासित प्रदेशांतले. त्यांना प्रकल्पावर काम करायला मुलं लागतात, आणि ती देशभरातून घेतली जातात. त्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात, गोव्यातली मुलं त्या बघत नाहीत, आणि बघायला त्यांना कुणी सांगत नाही. इथे आम्ही शिक्षकही कमी पडतो.

'गोव्यात काय आहे' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते. भाची रोज ज्या बसने कॉलेजला जाते ती फर्मागुडीवरून जाते. तिथे इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात २०१६ पासून आयआयटी गोवा आहे. झुआरीनगरला बिट्स आहे, कुंकळ्ळीला एनआयटी, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. गोव्याच्या कोसबें गावात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९४५ मध्ये गणितज्ञ म्हणून टीआयएफआरमध्ये गेले, गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. भाचीला तर गोपाळ गणपतीच्या देवळापासून आयआयटीच्या फाटकापर्यंत चालत जाता येईल.

यूपीआयच्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आजची काही कुलुपं, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या पद्धती, फोडू शकेल. धोका खरा आहे. पण गूगलच्या क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे २०४८ बिटांचं आरएसए, म्हणजे असंच एक सर्रास वापरलं जाणारं कुलूप, आठवड्याहून कमी वेळात फोडायला दहा लाखांहून थोडे कमी गोंगाटवाले क्यूबिट लागतील. गूगलची विलो चिप डिसेंबर २०२४ मध्ये आली ती १०५ क्यूबिटांची. शिवाय नवी कुलुपं तयार आहेत. अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था एनआयएसटी हिने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली तीन मानकं जाहीर केली. बँकांनी ती वेळेत बसवायला हवीत, ती चिंता बँकांची. बहिणीने त्यासाठी १४,५०० रुपये भरायचं काही कारण नाही.

शेवटचा मुद्दा खुर्च्यांचा. हा वाचून मला सगळ्यात जास्त लागलं.

मी एम.एस्सी.ला असताना बंगळूरूहून आलेल्या एका संशोधकाचं एंटँगलमेंटवर, म्हणजे दूर असूनही एकमेकांशी जोडलेल्या कणांवर, व्याख्यान होतं, दुपारी साडेतीनला. खरंच आम्हाला वर्गातून उठवून नेलं होतं. पहिल्या दोन रांगांत प्रोफेसर, मागे आम्ही. व्याख्यान इंग्रजीत, अर्धं डोक्यावरून गेलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा कुणी हात वर करेना. मी केला. एक कण इथे मोजला तर दुसऱ्याला ते कळतं कसं, प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जातो का, असं काहीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. ते गृहस्थ फळ्यापाशी परत गेले, खडू घेतला, आणि इकडच्या माणसाला नुसते कसेही आलेले शून्य-एकच दिसतात, दोन्हीकडच्या मोजमापांच्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय संबंध दिसत नाही, हे वीस मिनिटं उलगडून सांगितलं. प्रोफेसर मंडळी चहाला निघून गेली होती. माझी पणजीहून वाळपईची बस चुकली. त्यांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आपला ईमेल लिहिला आणि 'काही वाचलंस तर कळव' म्हणाले. त्या वीस मिनिटांवर मी आजही अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते.

त्यामुळे हो, कधी कधी खुर्च्या भरायला नेतात. हॉटेलांत भरणाऱ्या बड्या परिषदांत गोव्याच्या मुलांना आत कुणी बोलावत नाही, हेही खरं. आणि डॉलरमध्ये फी मागून कुणालाही प्रमुख वक्ता बनवणाऱ्या परिषदा निघाल्यात, त्यांच्या ईमेलला उत्तरही देऊ नये. पण विद्यापीठातली, आयआयटीतली विभागीय व्याख्यानं बहुधा फुकट असतात. सूचना फलकावर एक कागद लागतो, विभागाच्या पानावर एक ओळ येते. विद्यापीठात बाहेरच्या प्राध्यापकांना बोलावून घेतले जाणारे छोटे कोर्स अनेकदा सगळ्यांसाठी खुले असतात. जायचं असेल तर विभागाला साधा ईमेल करायचा: मी अमुक कॉलेजात अमुक वर्षाला आहे, बसायला येऊ का. बंगळूरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या केंद्राची व्याख्यानं तर यूट्यूबवर असतात, कळलं नाही तिथे थांबवून परत ऐकता येतात.

विषय अगदी वरचा वाटला तरी मुलांनी जावं. पहिल्या दहा मिनिटांत वक्ता प्रश्न काय आहे ते सांगतो, तेवढं कळलं तरी बसचं तिकीट वसूल. एक शब्द टिपून आणावा, घरी शोधावा.

भाचीने पैसे भरले नाहीत. मंगळवारी तिने फर्मागुडीच्या विभागाला ईमेल केला, मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेला, चार ओळींचा. बुधवारी उत्तर आलं, पुढच्या व्याख्यानाची वेळ आणि खोली क्रमांक लिहून. समर फेलोशिपच्या अर्जासाठी तिला शिफारसपत्र लागेल. कॉलेजातल्या सरांना विचारायला ती घाबरत होती, ते नाही म्हणतील म्हणून. तिने काल विचारलं. सर म्हणाले, गुणपत्रिका घेऊन सोमवारी ये.