मैदान कोणाच्या नावावर?

रविवारी संध्याकाळी वरळीच्या जांबोरी मैदानाच्या भिंतीला टेकून आम्ही पाच-सहा जण बसतो. बीडीडीच्या काही चाळी पडून टॉवर उभे राहिले. कोणाला २०२५च्या ऑगस्टमध्ये पाचशे फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, कोणी अजून भाड्याने बाहेर आहे. पण बसायला सगळे इथेच येतात. परवा प्रणव पोरांची प्रॅक्टिस संपवून आला, बॉलची जाळी खाली टाकली आणि एकदम म्हणाला, "शेफिल्ड वेन्सडेची पार वाट लावली यार त्या मालकाने."

प्रणव पंचविशीतला. चौदा वर्षांखालच्या पोरांना फुकट शिकवतो आणि इंग्लंडमधल्या खालच्या लीगपर्यंतचं सगळं त्याला तोंडपाठ. त्याने सांगितलं ते असं. इंग्लंडमधला हा फुटबॉल क्लब १८६७ सालचा. मालक थायलंडचे, २०१५पासून. २०२५मध्ये खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा उशिरा व्हायला लागले, लोकांनी मॅचवर बहिष्कार घातला आणि ऑक्टोबरमध्ये क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या ताब्यात गेला. गेल्या गेल्या नियमाप्रमाणे लीगमधले बारा गुण कापले.

मंग्या बँकेत कर्जवसुलीला आहे. तो म्हणाला, "मालकाचे पैसे संपले. धंद्यात होतं. यात वाट लावली काय? त्याचे बुडाले ते कोण मोजतंय?"

"बारा गुण मालकाचे नाही कापले. टीमचे कापले," प्रणव म्हणाला.

"मग नियम चुकीचा."

"नियम सोड. त्याच्या आधीचं ऐक. क्लबचं मैदान आहे हिल्सबरो. मालकाने ते क्लबकडून काढून स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं, सहा कोटी पौंडांना. कागदावर क्लब नफ्यात. तो व्यवहार कुठल्या वर्षाच्या हिशेबात धरला यावरून भानगड झाली आणि शेवटी सहा गुण गेले. त्या सहा गुणांपायीच २०२१ला टीम तिसऱ्या पातळीवर घसरली."

इतका वेळ नाना गप्प बसले होते. आमच्यात ते सगळ्यात मोठे, गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे. ते म्हणाले, "या खिशातून त्या खिशात घातली जमीन. हे मला इंग्लंडवरून कशाला सांगतोस? आम्हाला दहा-दहा वर्षं ऐकवलं की गिरणी तोट्यात आहे. गिरणी तोट्यात होती रे, जमीन नव्हती."

यावर मंग्यालाही लगेच बोलता आलं नाही. त्याचे वडीलही गिरणीतलेच.

प्रणवने मग बेरीची गोष्ट काढली. मला स्वतःला हा सगळा विषय कळला तो बेरीमुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेरी हे मँचेस्टरजवळचं, लँकेशायरच्या सुतगिरण्यांच्या पट्ट्यातलं गाव. हे ऐकून नाना पुढे सरकून बसले. क्लब १८८५चा. १९०० आणि १९०३ला इंग्लंडचा मानाचा एफए कप जिंकलेला, १९०३ला तर फायनलमध्ये डर्बी काउंटीला सहा-शून्य. लीगमध्ये १८९४पासून. मैदानाचं नाव गिग लेन. डिसेंबर २०१८मध्ये हा क्लब एका माणसाला एका पौंडाला विकला गेला.

"एका पौंडाला?" मंग्याने विचारलं. "म्हणजे डोक्यावर कर्ज किती असेल बघ."

बरोबर ओळखलं त्याने. आधीच्या मालकाच्या काळातच गिग लेन गहाण पडलं होतं आणि मैदानाच्या पार्किंगमधल्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या होत्या. नवा मालक नंतर रेडिओवर उघड म्हणाला की बेरी नावाची फुटबॉल टीम आहे हेच त्याला माहीत नव्हतं. आणि त्याच मोसमात, पगार थकलेले असताना, ती टीम चौथ्या पातळीवर दुसरी आली आणि वर चढली. मला हे वाचताना फार लागलं होतं. घरचा हप्ता चुकलाय, मोबाइलवर बँकेचा मेसेज आलाय आणि पोरगा शनिवारी बूट बांधून मैदानात उतरतोय.

जुलै २०१९मध्ये कर्जदारांशी तडजोड ठरली. खेळाडू आणि इतर क्लब यांचं येणं पूर्ण द्यायचं, बाकीच्यांना रुपयाला चार आणे.

"बाकीचे म्हणजे कोण?" नानांनी विचारलं.

बाकीचे म्हणजे गावातले. सामान पुरवणारा, छपाईवाला, दुरुस्तीवाला. तिकडे फुटबॉलचा नियमच असा आहे की क्लब बुडाला तर फुटबॉलमधल्यांचं देणं आधी आणि पूर्ण, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. २०१०ला पोर्ट्समथ हा क्लब बुडाला तेव्हा ज्यांचं येणं होतं त्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती. मॅचला स्ट्रेचर घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक! या एका नियमाबद्दल कट्ट्यावर कोणाचंही दुमत झालं नाही. मंग्या म्हणाला, "वसुलीत पण हेच होतं. ज्याच्याकडे कागद पक्का त्याला आधी. चहावाल्याकडे कसला कागद?"

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात क्लबची एक माजी संचालक बाई गिग लेनच्या पाण्याच्या पाइपला स्वतःला साखळीने बांधून घेऊन बसली. २७ तारखेला, लीगने दिलेल्या शेवटच्या मुदतीच्या दिवशी, शेकडो लोक झाडू, बादल्या घेऊन मैदानात आले. टीम खेळणार अशी आशा होती आणि मैदान बंद पडून अस्वच्छ झालं होतं. दिवसभर त्यांनी खुर्च्या पुसल्या. जो खरेदीदार येणार होता तो त्याच दिवशी मागे फिरला आणि रात्री लीगने क्लबला बाहेर काढलं. १२५ वर्षांनी.

प्रणवकडे त्या दिवसाचा एक फोटो आहे, त्याने सगळ्यांना दाखवला. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल जवळ धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.

मंग्या हार मानणारा नाही, आणि त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखंही नव्हतं. तो म्हणाला, "मालक नको म्हणता, मग पैसा कोण देणार? तुम्ही? शंभर रुपये वर्गणी मागितली तर माणसं जिन्याने वर पळतात. प्रणव, पोर्ट्समथचं पुढे काय झालं सांग की."

पुढे झालं ते असं. २०१३ला पाठीराख्यांच्या ट्रस्टने वर्गणी काढून क्लब वाचवला, चार वर्षांत कर्ज फेडून ताठ उभा केला. आणि २०१७ला त्याच लोकांनी मत देऊन तो अमेरिकेतल्या एका श्रीमंत उद्योजकाला विकला. स्टेडियम जुनं, दुरुस्तीचा खर्च वर्गणीतून भागणारा नव्हता.

"हेच म्हणतोय," मंग्या म्हणाला. "आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजना तिकडे किती शिव्या पडल्या! २०१०ला ब्लॅकबर्न क्लब घेतला, २०१२ला टीम खाली आली, लोकांनी मैदानात कोंबडी सोडली. पण पैसे घालायचं त्यांनी सोडलं नाही ना? वर्षानुवर्षं घातले."

हे खरं आहे आणि मान्य केलं पाहिजे. पण मी त्याला एक विचारलं. इथल्या एका चौकशीमुळे त्याच मालकांना तिकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. लँकेशायरमधल्या त्या क्लबने खेळाडू घ्यायचा की विकायचा हे दिल्लीतल्या तारखेवर ठरणार असेल, तर मालक सज्जन असून काय उपयोग? सगळा डोलारा एकाच खांबावर.

मंग्या म्हणाला, "मग तुझं म्हणणं काय? मालक हवा की नको?"

माझं म्हणणं मला आमच्याच क्लबमुळे सुचलेलं आहे. क्लबचं नाव लिहीत नाही. नव्वदच्या दशकात आम्ही जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळायचो. आमच्याकडे पत्र्याची एक ट्रंक होती. त्यात हिरव्या जर्स्या, पाठीवर पांढऱ्या रेक्सिनचे कापून शिवलेले आकडे, एक हवा भरायचा पंप आणि वर्गणीची वही. महिन्याला पाच रुपये, समोर सही. ट्रंक आळीपाळीने कोणाच्या तरी कॉटखाली असायची, म्हणून आम्हाला वाटायचं की क्लब आपला आहे. पण लीगमधलं रजिस्ट्रेशन एकाच माणसाच्या सहीने चालायचं. एका मोसमात मॅचचं वेळापत्रक लागलं आणि आमच्या जागेवर दुसरंच नाव. त्याने डिव्हिजनमधली जागा परस्पर देऊन टाकली होती. किती घेतले ते आजपर्यंत कळलं नाही. मी तेव्हा विशीत होतो. पहिल्या मॅचला आम्ही सात-आठ जण गेलो आणि कूपरेज मैदानाच्या बाहेरूनच परत आलो. ट्रंक आमच्याकडेच राहिली. सह्यांची वही अजून माझ्याकडे आहे, पाच-पाच रुपयांची.

म्हणून मी म्हणालो, मालक येऊ दे, पैसा घालू दे, उद्या जाऊही दे. पण मैदान आणि नाव या दोन गोष्टी त्याच्या हातात जाता कामा नयेत.

"असं कोण देईल रे?" मंग्या म्हणाला. "तारण नाही तर मी एक रुपया देणार नाही."

यावर प्रणवने जे सांगितलं त्याने मंग्याही चमकला. चेल्सीसारख्या बड्या क्लबचं स्टॅमफर्ड ब्रिज मैदान क्लबच्या मालकाचं नाही. १९९३ला निघालेल्या, पाठीराख्यांनी शेअर घेतलेल्या एका कंपनीकडे ते आहे, आणि त्या मैदानावर खेळला नाही तर क्लबला चेल्सी हे नावही वापरता येणार नाही अशी अट आहे. २०११ला तिथल्या अब्जाधीश मालकाने जमीन परत मागितली. त्याला ७५ टक्के मतं लागत होती, पडली बासष्टच्या आसपास. नाही म्हणजे नाही.

"आणि तरी त्यांना पैसेवाले मालक मिळाले," प्रणव म्हणाला.

मंग्या मान हलवत होता, पण म्हणाला, "चेल्सी लंडनला आहे. बेरीला कोण विचारतं?"

बेरीचं पुढे असं झालं. लोकांनी २०१९लाच नवी टीम काढली आणि शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळायला लागले. २०२२ला सरकारच्या आणि नगर कौन्सिलच्या मदतीने, लोकांच्या पैशाने, गिग लेन विकत घेतलं. मग जुन्या क्लबचे आणि नव्या टीमचे पाठीराखे एकत्र यायचे की नाही यावर मतदान झालं आणि पहिल्या खेपेला ते फसलं! मैदान हातात, टीम हातात, आणि आपसात एकमत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मतदानात जमलं. २०२३ला बेरी पुन्हा गिग लेनवर खेळला, अगदी तळच्या पातळ्यांवर, आणि २०२५ला एक पायरी वर चढला. तिकडे आता कायदा झालाय. वरच्या पाच पातळ्यांवर सरकारने नियामक बसवलाय, मालकाची ऐपत आधी तपासायला. बेरी बुडाला नसता तर हा कायदा इतक्यात आला नसता असं मला ठाम वाटतं.

नाना म्हणाले, "तिकडे साखळीने बांधून घेतात. आपल्याकडे महिंद्रा बंद झाली तेव्हा कोण गेलं?"

कोणी गेलं नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली होती. चार वर्षांनी कंपनीने टीम बंद केली. मुंबई एफसी २००७ला निघाली. खालिद जमील सात मोसम कोच होता, आता तोच भारताचा कोच आहे. दर वर्षी घाम गाळून टीम देशाच्या आय-लीगमध्ये टिकवली. २०१७ला खाली गेली आणि विषय संपला. त्या टीमच्या मॅच मी कूपरेजला उभं राहून पाहिल्यात, लाकडी स्टँड होते तेव्हापासूनच्या आठवणी त्या ग्राउंडशी आहेत. बंद झाल्याची बातमी वाचली, पेपर घडी घालून ठेवला आणि ऑफिसला गेलो. याची मला आज लाज वाटते. आम्ही त्या टीमचे प्रेक्षक होतो, कधी वर्गणीदार नव्हतो. लालबागचं कुठलंही मंडळ घ्या, अध्यक्षाने उद्या सांगितलं की यंदापासून गणपती बंद, तर ऐकतील का लोक? ऐकणार नाहीत, कारण दहा-दहा रुपयांच्या पावत्या घरोघरी आहेत.

मग मंग्यानेच विचारलं, "प्रणव, या पोरांच्या टीमचं रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर आहे?"

प्रणव म्हणाला, "रजिस्ट्रेशन कसलं? टीमचं खातं माझ्या नावावर आहे. फोन-पे माझाच."

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मैदानात लाइट लागले होते, दोन पोरं अजून पेनल्टी मारत होती.

"संस्था करायला सात माणसं लागतात," नाना म्हणाले. "धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस इथेच अ‍ॅनी बेझंट रोडला. चालत जाऊ."

प्रणवने मोबाइलमध्ये नावं लिहायला घेतली. नाना, मी, तो, सुऱ्या, दोन पोरांच्या आया ज्या रोज डबे घेऊन येतात. सहा झाली. सगळे मंग्याकडे बघत होते.

"लिही माझं," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हिशेब दर महिन्याला या भिंतीवर चिकटवायचा. एकाच्या सहीने चेक निघता कामा नये. आणि ती वही आण पुढच्या रविवारी, पाच रुपयांची. बघायचीय मला."