पणजोबा आसनगावला उतरले

माझा पुतण्या टेक्सासात असतो. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, त्याला पूर्वज आठवतात. गेल्या वर्षी त्याने इंटरनेटवर घराण्याची वंशावळ उभी केली. नावं त्याने भरली, जन्मतारखा वहिनींनी अंदाजे सांगितल्या (आमच्यातली अर्धी माणसं 1 जूनला जन्मलेली आहेत, ती मास्तरांची कृपा) आणि "काका, तुम्ही गावातच आहात, तेवढी बरिअल प्लेस बघा की," म्हणून उरलेला रकाना माझ्या गळ्यात घातला.

बरिअल प्लेस म्हणजे पुरल्याची जागा. आमच्यात जाळतात, म्हटलं. तर म्हणे त्याचीही सोय आहे. वंशावळीची फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची जेडकॉम नावाची पद्धत 1984 पासून चालत आली आहे, आणि तिच्यात पुरण्याला एक खूण, जाळण्याला दुसरी. कुणीतरी अमेरिकेत बसून आपला विचार केला होता. मला बरं वाटलं, पाचेक मिनिटं.

मग त्याने नियम सांगितले. ठिकाण लिहायचं लहानाकडून मोठ्याकडे, मध्ये स्वल्पविराम: गाव, जिल्हा, राज्य, देश. स्मशानाचं नाव ठिकाणातच घालायचं की शेजारच्या रकान्यात, यावर या मंडळींत दोन तट आहेत; पुतण्या शेजारच्या रकान्याचा. आणि मुख्य नियम असा, की माणूस गेला त्या दिवशी जागेचं जे नाव होतं तेच लिहायचं, आजचं नाही. ऐकायला सज्जन नियम. करणारा शहापुरात राहिलेला नसावा.

आधी पणजोबा घेतले. 'शहापूर' एवढं टाइप केलं तर खाली लगेच पर्याय आले: शहापूर, जिल्हा ठाणे, शहापूर, जिल्हा यादगीर. बेळगावला चिकटलेलं, बासमतीच्या शिवाराचं आमचं शहापूर त्या यादीत नव्हतं. चुकून बोट पहिल्यावर पडलं आणि पणजोबांची टाचणी नकाशावर थेट आसनगाव स्टेशनाजवळ जाऊन टोचली. ज्या माणसाने जन्मात खानापूरच्या पुढे पाऊल टाकलं नाही, तो मेल्यावर कसारा लोकलने निघाला.

टाचणी नीट बसावी म्हणून मी फोन घेऊन खुद्द स्मशानात गेलो. पत्र्याची शेड, तिच्याखाली लोखंडी सांगाडा, कोपऱ्यात मडक्याच्या खापऱ्या आणि एक अर्धवट जळलेला बांबू. मी चौथऱ्याचा फोटो काढतोय म्हटल्यावर राखणदार उठून आला.

"कुणाचं आहे?"

"पणजोबांचं."

"कधी गेले?"

"1938."

त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "मग लई उशीर केलासा की ओ."

घरी आत्या होती. वय चौऱ्याऐंशी, पण मयतांच्या बाबतीत स्मरणशक्ती सरकारी दप्तरापेक्षा चांगली. स्मशानाचं नाव काय लिहू, असं विचारलं तर म्हणाली, "मसणाला नाव कशाला पाहिजे? बारसं घातलंय काय त्याचं? मसणात नेलं म्हटलं की कळतंय सगळ्यांस. मी सांगतो, तू लिव्ह." आत्या 'सांगतो'च म्हणते. आमच्याकडच्या बायका 'येतो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याच्या सुना आल्या की पहिला महिनाभर दचकतात.

तर आत्याने सांगितलं आणि मी लिहिलं. पणजोबा, 1938: शहापूर, सांगली संस्थान. कारण शहापूर तेव्हा पटवर्धनांच्या सांगलीचं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. पणजोबा भाजी विकायला बेळगावात जायचे म्हणजे रोज सकाळी सरकार बदलून जायचे आणि दुपारी जेवायला संस्थानात परत. आजोबा, 1953: तोपर्यंत संस्थान विलीन झालेलं, म्हणून बेळगाव जिल्हा, मुंबई राज्य. आजी, 1969: म्हैसूर राज्य. बाबा, 1991: कर्नाटक. धाकटे काका, 2018: कर्नाटकच, पण जिल्हा बेळगावी. 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो तो दिवस 1 नोव्हेंबर, 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं तो 1 नोव्हेंबर आणि 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं तोही 1 नोव्हेंबरच. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास घराला रंग देतात तसा जिल्ह्याला पत्ता देतात.

पुतण्याने हे सगळं पाहून व्हॉट्सॲपवर कौतुक केलं: "काका, आपली फॅमिली किती फिरलेली आहे!" पाचही माणसं एकाच चौथऱ्यावर गेलेली. फिरलंय ते चौथऱ्याखालचं राज्य.

आत्याचा मात्र या यादीवर आक्षेप होता. "सगळ्यांच्या पुढं महाराष्ट्र लिव्ह." मी तिला नियम समजावला. ती म्हणाली, नियम मला सांगू नको, मी 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' ओरडत मोर्चात चाललोय. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे. निकाल लागायच्या आत जाणाऱ्यांनी कुठलं राज्य भरायचं, याला त्या सॉफ्टवेअरमध्ये खूण नाही. मी पुतण्याला विचारलं, तो म्हणाला 'नोट्स'मध्ये लिहा. नोट्समध्ये पाचशे अक्षरं बसतात.

शेवटचा विसावा हाही एक घोळच. रक्षा आम्ही नरसोबाच्या वाडीला सोडतो. मग राहिलेलं माणूस स्मशानात की कृष्णेत? आणि कृष्णा काय वाडीला थांबते? ती हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते, म्हणजे पणजोबा आता आंध्रात. इथे मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी आत्या आपणहून म्हणाली, "माझ्या आधीची एक होती. ती घातलास काय?" मी नाही म्हटलं. "दहा दिवसांची. मागं परड्यात आहे, चाफ्याच्या बुडात." नाव विचारलं तर बारशाआधीच गेली म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली. ठिकाणांच्या यादीत 'स्मशानाबाहेर पुरलेले' असा पर्याय होता, तो बरोबर बसला. नावाचा रकाना मात्र रिकामा सोडू देईना. तिथे मी 'चाफा' लिहिलं. आत्याला सांगितलेलं नाही.

संक्रांतीनंतर आमचा हेळवी आला. पूर्वी त्याचा आजा बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर येतो, पण घराण्याच्या पिढ्या वाचायला वही तीच. त्याने सोप्यात बसून मूळपुरुषापासून एका दमात आमच्यापर्यंत आणलं. मी घाईघाईने विचारलं, "पणजोबा कुठं गेले ते लिहिलंय काय?"

"गेले एवढं आहे की."

"जागा?"

"जागा कशाला लिहायची, मालक? गावचा माणूस गावातच जाणार."

मग त्याने पेनचं टोपण काढून नवी पिढी विचारली. पुतण्याला टेक्सासात मुलगा झाल्याचं मी सांगितलं, नाव सांगितलं, ह्यूस्टनचं स्पेलिंग सांगायला तोंड उघडलं, तोवर त्याने लिहून वही मिटलीसुद्धा. मी काय लिहिलं म्हणून डोकावलो. बाळाचं नाव होतं आणि त्यापुढे, स्वल्पविराम न देता, शहापूर.

आत्याने त्याला पायलीभर तांदूळ जास्त घातला.