मिठ्या मारून चँपियन्स लीग मिळत नाही

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा माजी जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप याचं नाव निघालं की एक ठरलेला फॉरवर्ड मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: हा खेळाडू म्हणून फसलेला, डावपेचांचं डोकं सगळं सहायक झेल्को बुवाचचं, पैसा लिव्हरपूलच्या मालकांचा, क्लॉपचं स्वतःचं काय, तर टोपी, मिठ्या आणि मैदानाच्या कडेला आरडाओरडा. वाचायला खुसखुशीत आहे, म्हणून पुढे ढकललं जातं. तपासत कोणी नाही.

फसलेला खेळाडू. क्लॉप १९९० ते २००१ माइन्झ या एकाच क्लबकडून खेळला, जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत. लीगचे ३२५ सामने, ५२ गोल. सुरुवात स्ट्रायकर म्हणून, एरफुर्टविरुद्ध एकाच सामन्यात चार गोलही मारलेले, पुढे राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. आपले पाय चौथ्या श्रेणीचे आणि डोकं पहिल्या श्रेणीचं, असं तो स्वतःच म्हणत आला आहे. फॉरवर्डवाल्यांनी त्यातले पाय तेवढे उचलले आणि डोकं तिथेच सोडलं. दुसऱ्या श्रेणीत का होईना, फसलेल्या माणसाला कोणी अकरा वर्षं पगार देत नाही.

पण खरी गोष्ट या आकड्यांत नाही, १९९५ मध्ये आहे. त्या मोसमात तळाला गेलेल्या माइन्झवर वोल्फगांग फ्रांक नावाचा प्रशिक्षक आला. तेव्हा जर्मनीत बचाव म्हणजे मागे एक लिबेरो, म्हणजे कोणालाच न धरता फटी बुजवणारा मोकळा बचावपटू, आणि बाकीच्यांनी आपापला माणूस धरायचा. तो पाणी प्यायला गेला तरी याने मागे जायचं, इतपत. फ्रांकने लिबेरो काढून टाकला आणि इटालियन प्रशिक्षक सॅक्कीच्या मिलान संघासारखे चार बचावपटू एका रेषेत उभे केले. आता माणसाकडे बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं. चेंडू डावीकडे गेला की चौघांनी मिळून डावीकडे सरकायचं. राइट-बॅकने पलीकडचा विंगर (कडेने हल्ला करणारा) बिनधास्त सोडून आत यायचं. हे अंगात मुरेपर्यंत सराव चेंडूशिवाय, नुसतं चालत. क्लॉपसारख्या बेताच्या राइट-बॅकला यातून जे कळलं, ते गुणवान खेळाडूला कदाचित कळलंही नसतं: विंगरशी शर्यत लावावी लागत असेल तर आपण आधीच चुकीच्या जागी उभे होतो. आपल्यावर सर्वाधिक प्रभाव फ्रांकचा, हे क्लॉपने पुढे अनेकदा सांगितलं आहे. (त्याच काळात तो फ्रँकफुर्टला क्रीडाशास्त्राची पदवी घेत होता आणि प्रबंधाचा विषय होता, चालण्याचा व्यायाम. मुद्दाम जुळवून आणलेलं वाटेल, पण आहे खरं.)

फेब्रुवारी २००१. माइन्झ पुन्हा घसरणीच्या तोंडाशी, प्रशिक्षकाला नारळ मिळालेला, गावात कार्निव्हलची धुंदी. क्लबचा कारभारी क्रिस्टियान हायडेलने संघातल्याच क्लॉपला विचारलं आणि हा कालचा राइट-बॅक रातोरात प्रशिक्षक झाला. त्याने पहिलं काम केलं ते फ्रांकची मांडणी परत आणण्याचं. ड्युइसबुर्गला १-० हरवलं, संघ श्रेणीत टिकला. पुढे २००२ मध्ये पहिल्या श्रेणीतली बढती एका गुणाने हुकली, २००३ मध्ये एका गोलाने, २००४ मध्ये मिळाली. दोनदा असं तोंडचा घास गेल्यावर तोच संघ तिसऱ्यांदा उभा करायला मिठ्या लागतात, हे मान्य. फक्त त्या मिठ्या मारणाऱ्याला चौघांनी कुठे उभं राहायचं हेही ठाऊक होतं.

आता बुवाच. हा माइन्झमधला क्लॉपचा सहखेळाडू, नंतर माइन्झ, डॉर्टमुंड, लिव्हरपूल असा सतरा वर्षं सोबत. मोठा अभ्यासू माणूस, क्लॉपनेही त्याचं कौतुक कधी लपवलं नाही. पण एप्रिल २०१८ च्या अखेरीस, चँपियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत रोमाविरुद्धच्या उपांत्य लढतीच्या दोन सामन्यांमधे, तो बाजूला झाला. त्यानंतर काय झालं? २०१८-१९ मध्ये इंग्लिश लीगमध्ये ९७ गुण आणि एकच पराभव, माद्रिदला टॉटनहॅमवर २-० ने चँपियन्स लीग, पुढच्या मोसमात ९९ गुण आणि तीस वर्षांनी लीगचं विजेतेपद. डोकं निघून गेल्यावर धड असं धावतं का? त्याच २०१८ मध्ये क्लॉपने थॉमस ग्रोनेमार्कला आणलं, निव्वळ थ्रो-इन, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकणं, शिकवायला. तेव्हा टीव्हीवरचे जाणकार हसले होते.

पैशाचा मुद्दा लिव्हरपूलपासून सुरू करायचा आणि डॉर्टमुंड विसरायचं, ही यातली चलाखी. २००८ मध्ये तो आला तेव्हा क्लब काही वर्षांपूर्वीच दिवाळखोरीच्या कडेवरून परतलेला आणि आदल्या मोसमात तेरावा होता. क्लॉपने बचावाच्या मध्यभागी कोणाला लावलं? मॅट्स हुमेल्स आणि माइन्झहून सोबत आणलेला नेव्हन सुबोटिच. दोघेही एकोणीस वर्षांचे. २०१०-११ मध्ये या जोडीच्या संघाने लीगच्या ३४ सामन्यांत फक्त २२ गोल खाल्ले आणि बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली श्रेणी, जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये बचावपटू व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड मोजले, पुढे गोलरक्षक आलिसनवरही भरपूर. खरं आहे. पण त्याच जानेवारीत कुटिन्यो त्याहून कितीतरी मोठ्या रकमेला बार्सिलोनाला विकला होता. आणि दोन फुल-बॅक, म्हणजे दोन्ही कडांचे बचावपटू, बघा: रॉबर्टसन नुकत्याच खाली घसरलेल्या हल सिटीकडून सुमारे ऐंशी लाख पौंडांत आलेला, अलेक्झांडर-अर्नॉल्ड घरच्या अकादमीतला. २०१८-१९ मध्ये दोघांचे मिळून लीगमध्ये २३ असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे शेवटचे पास. जो स्वतः राइट-बॅक होता त्याने संघाचा प्लेमेकर, म्हणजे हल्ले रचणारा खेळाडू, राइट-बॅकच्याच जागेवर बसवला, हे मला तरी योगायोगाचं वाटत नाही.

क्लॉपवर टीका करायला जागा नाही असं मुळीच नाही. २०१३ ते २०१८ दरम्यान तो ओळीने सहा अंतिम सामने हरला. डॉर्टमुंडच्या शेवटच्या मोसमात संघ मध्ये तळाला गेला होता. आणि २०२०-२१ मध्ये, व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाल्यावर, मिडफिल्डरना सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, म्हणून खेळवूनही त्याने बचावाची रेषा वरच ठेवली. मागे मोकळं मैदान आणि ते भरून काढायला वेगवान माणूस नाही. अ‍ॅनफिल्डवर म्हणजे घरच्याच मैदानावर, लीगचे सलग सहा सामने हरले, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. शेवटी फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स या राखीव पोरांना घेऊन तिसरा क्रमांक गाठला, पण तोवर मिडफिल्डरना मागे ओढून मधली फळी खिळखिळी झाली होती. तो हट्ट कशासाठी, हे विचारायला हवं. मिठ्यांवर हसणाऱ्या फॉरवर्डमध्ये हा प्रश्न कधीच नसतो.