मॅलाकाइट, अजंठा आणि बर्डीवरून आणलेली बाटली

‘मॅलाकाइट हा दुर्मीळ दगडी हिरवा. अजंठ्यात हाच वापरला. जितका बारीक वाटाल तितका गडद. नैसर्गिक, म्हणून निर्धोक. तेलरंगात याला तोड नाही. दुकानात मॅलाकाइट ग्रीन नावाने मिळतो.’ हा मेसेज या आठवड्यात मला चौथ्यांदा आला, चारही वेळा नागपूरच्याच चित्रकारांकडून. दगड खरा आहे, बाकी बहुतेक गफलत.

दुर्मीळ? तांब्याच्या खाणींच्या वरच्या थरांत तो सापडतोच. कांगोतून तर मणी आणि डब्या घडवण्याइतका येतो. खरोखर दुर्मीळ हिरवा म्हणजे व्होल्कोन्स्कोइट, रशियातल्या पर्म भागात १८३० साली मिळालेली क्रोमियमची माती.

अजंठ्याचा हिरवा वेगळाच. तो सेलाडोनाइट, म्हणजे हिरवी माती. आपल्या काळ्या दगडात पोकळ्या असतात ना, त्यांना आतून हिरवा लेप दिल्यासारखा तो बसलेला असतो. नागपुरातली सेमिनरी हिल्स ही टेकडी चढताना पायाखाली जो दख्खनचा बेसॉल्ट असतो, त्याच जातीच्या दगडात अजंठ्याची लेणी कोरली आहेत. बाहेरून आला तो निळा, लाजवर्द दगडाचा. आणि ती चित्रं तेलरंगातली नाहीतच, तेव्हा हा दाखला कशाला?

‘जितका बारीक तितका गडद’ हे तर नेमकं उलट. मी खडा खलात कुटला, पाण्यात ढवळला आणि गढूळ पाणी एका वाटीतून दुसरीत ओतत गेलो. पहिल्या वाटीच्या तळाशी जाड चुरा बसला, गर्द हिरवा. दुसरीत पिस्त्याचा रंग. शेवटची, सर्वांत बारीक, ताकात कोथिंबीर घोटावी तशी फिकट. जपानात हा रंग दाण्याच्या जाडीप्रमाणे क्रमांक देऊन विकतात, आणि सर्वांत बारीक भुकटीच्या नावाचा अर्थच ‘पांढरा हिरवा’ असा आहे.

तेलरंगाची अडचण इथेच सुरू होते. गडदपणासाठी दाणा जाड ठेवावा, तर जवसाच्या तेलात (हो, आपल्या चटणीचंच जवस) तो ब्रशखाली रव्यासारखा खरखरतो आणि खालचं नीट झाकत नाही. अंड्याच्या बलकात किंवा डिंकात तो जास्त खुलतो. युरोपात १५व्या-१६व्या शतकात त्याची चलती होती, पुढे मागे पडला. तेलात पारदर्शक, टिकाऊ हिरवा हवा असेल तर १८५९ साली पेटंट झालेला व्हिरिडियन घ्या. कारखान्यातला आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

नैसर्गिक म्हणून निर्धोक म्हणाल, तर पाऱ्याचा हिंगूळही नैसर्गिकच आहे. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. कुटताना मास्क लावा.

शेवटचा मुद्दा मात्र महागात पडणारा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने मेसेज वाचून बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, ‘मॅलाकाइट ग्रीन’ची बाटली आणली. ‘सर, दगड असून किती स्वस्त!’ उघडली तर आत धातूसारखी चमक असलेले गडद स्फटिक. एक कण पाण्यात टाकला आणि अख्खी वाटी हिरवी-निळी झाली. दगड असा विरघळत नाही, बाबा. हे रसायनातून बनवलेलं डाय आहे. नाव फक्त रंगाच्या साम्यावरून पडलं, तांबं त्यात नावालाही नाही. भेंडी-मिरची ताजी दिसावी म्हणून भेसळीत वापरतात ते हेच, आणि उजेडात ते उडतं. झाकण घट्ट लावून बाटली परत करायला सांगितली. मुलाची बोटं पुढे तीन दिवस हिरवी होती.