शेजारी बसणारा ग्रंथपाल

गावाकडच्या वाचनालयाच्या अनुदानाचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येते: आता सगळे मोबाईलवर फुकट मिळते, मग वाचनालये कशाला पोसायची? टोरांटोत मी बारा वर्षे गणित शिकवतो आहे आणि हे वाक्य मला मुळीच पटत नाही.

करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मला फळ्यापलीकडचे फारसे काही येत नव्हते. टोरांटो सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड शहरात राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कोणालाही विनामूल्य मिळते. त्याच कार्डाचा क्रमांक आणि पिन टाकून लिंक्डइन लर्निंगचे अभ्यासक्रम घरबसल्या उघडतात, हे मला एका शनिवारी आमच्या शाखेतल्या ग्रंथपालबाईंनी सांगितले. त्या तासभर माझ्या शेजारी बसल्या, पण माउसला त्यांनी एकदाही हात लावला नाही; चुकलो की थांबायच्या आणि मलाच शोधू द्यायच्या. तीन-चार शनिवारांनंतर मी वर्गाच्या चाचणीची स्प्रेडशीट स्वतः तयार केली आणि छेद समान न करताच अपूर्णांकांची वजाबाकी करणारी अकरा मुले त्यात एकाच रंगात समोर आली. कोणाला पुन्हा काय शिकवायचे, हे मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधीच दिसले नव्हते.

‘फुकट’ हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. ग्रंथालयाची ई-पुस्तके मोबाईलवर वाचायला देणाऱ्या लिबी ॲपवरच्या गाजलेल्या ई-पुस्तकासाठी कित्येक आठवडे रांगेत थांबावे लागते, कारण ग्रंथालय जितक्या प्रतींचे परवाने विकत घेते तितक्याच वाचकांना ते एका वेळी मिळते आणि अनेक परवान्यांची मुदतही संपते. हा खर्च मुख्यतः शहराच्या तिजोरीतून, म्हणजे आम्ही भरतो त्या मालमत्ता करातूनही होतो.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण त्यात ग्रंथालय कर ठेवला नाही; तमिळनाडूत मात्र तो मालमत्ता करासोबत घेतला जातो. त्यामुळे अ, ब, क, ड अशा सरकारी दर्जांतली आपली हजारो वाचनालये दरवर्षी सरकारी अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. साहित्याची मात्र वानवा नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीचे ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, बालभारतीची ई-पुस्तके आणि मराठी विश्वकोश आहे, आणि यांतले कितीतरी विनामूल्य आहे. माझी वहिनी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती मागे फोनवर म्हणाली, “भाऊजी, प्रशिक्षणाच्या लिंका रोज येतात, पण अडलं तर विचारायचं कोणाला?”

काही वाचनालये केवळ कागदावर चालतात, ही तक्रार खोटी नाही, आणि शंभर शाखा चालवणाऱ्या श्रीमंत शहराशी तालुक्याच्या गावाची तुलना करणे अन्यायाचे आहे, हेही मी जाणतो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इथल्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि संगणक कित्येक आठवडे बंद पडले, तेव्हा शाखा उघड्या होत्या आणि माणसे पुस्तके देत होती, हे मी पाहिले आहे. म्हणून अनुदानाच्या वादात मला पहिला प्रश्न ग्रंथपालाच्या पगाराचा वाटतो. आपल्याकडच्या अनेक वाचनालयांत तो इतका तुटपुंजा आहे की त्यावर घर चालणे कठीण. तालुक्यातल्या एका तरी वाचनालयात पुरेशा वेतनावर नेमलेला प्रशिक्षित ग्रंथपाल, दोन चालू संगणक आणि शिक्षकांसाठी राखलेली शनिवारची दुपार, एवढे झाले तरी वहिनीला विचारायला कोणीतरी मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत ती तालुक्याच्या वाचनालयात जाणार आहे; तिथल्या कार्यकारिणीला द्यायचे पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे आणि दोन संगणकांचे पैसे मी देतो, असे त्यात नमूद केले आहे. ग्रंथपालाचा पगार मात्र सरकारकडेच मागावा लागेल.