तुंबवतात सगळे, हात घालायचा मी

आमच्या रो-हाउसच्या रांगेत आमचं घर शेवटचं. म्हणजे रांगेतल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचं, ओट्यांचं, वॉशिंग मशीनचं पाणी मागच्या बोळातून एकाच चार इंची पाइपातून येतं आणि आमच्या दाराशी असलेल्या चेंबरमधून पुढे रस्त्याच्या लाईनला जातं. जातं म्हणजे जायला हवं. प्रत्यक्षात ते झाकणाच्या कडेनं बुडबुडे काढत वर येतं, फेस आणि भाताची शितं घेऊन तुळशीपर्यंत पसरतं. आणि वरच्या घरच्या काकू नाकाला पदर लावून मला विचारतात, "अगं, तुमच्याकडे वास कसला येतोय?"

आमच्याकडे! अहो काकू, तो तुमच्या परवाच्या भज्यांचा वास आहे.

प्लंबरला फोन केला की तो "निघालोच ताई" म्हणतो आणि मग तो फोन लागतच नाही. म्हणून बांबूची कामटी, जुना होज पाइप आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेऊन मीच बसते. अशी मी बसले की गल्लीतल्या प्रत्येकाला सल्ला सुचतो. हात पुढे करणारा मात्र कुणी नाही. "कॉस्टिक टाका ना!" हा सगळ्यांचा आवडता. पाइप आधीच पाण्यानं गच्च भरलेला, तुंबलेलं कुठंतरी दहा-बारा फुटांवर, तिथपर्यंत ते कॉस्टिक पोचणार कसं? ते इथेच विरघळणार, पाणी तापवणार, आणि मग त्याच पाण्यात कामटी मारताना उडालेला थेंब डोळ्यात जाणार. तुमच्या नाही, माझ्या. दुसरा म्हणतो ॲसिड टाका, तिसरा म्हणतो ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकदम पडलं तर क्लोरीन वायू होतो, हे त्याला कोण सांगणार? तो तोवर चहाला आत गेलेला असतो.

करायचं काय, ते फार सोपं आहे आणि म्हणूनच जास्त संताप येतो. भरलेल्या चेंबरच्या खालचं चेंबर उघडायचं. ते कोरडं असेल तर अडलंय ते या दोघांच्या मध्ये. झाकण काढून जरा वेळ लांब उभं राहायचं, आतला वायू जाऊ द्यायचा, आणि खालच्या कोरड्या बाजूनं वरच्या दिशेला कामटी ढोसायची. सुटलं की पाणी धाडकन येतं, तेव्हा एका अंगाला उभं राहायचं. झालं. शाळकरी पोरालाही समजेल.

पण खालचं चेंबर उघडणार कसं? बाजूच्या बोळात त्यावर शेजारच्या भाऊंनी पेव्हर ब्लॉक बसवलेत. का, तर झाकणानं "शो जातो". स्कूटर लावायला चांगलं दिसत नाही. मी पहार घेऊन ब्लॉक उचकटायला गेले तर मलाच म्हणतात, "वहिनी, तेवढे जपून हं, महाग आहेत."

आणि ज्यानं ही लाईन टाकली तो! चार इंची पाइपाला चाळीसास एक उतार हवा, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. मी गवंड्यांची असते तशी पाण्याची लेव्हल नळी लावून बघितलं. एका ठिकाणी पाइप चक्क सपाट आहे, पुढे थोडा चढ. चढ! सांडपाणी काय शिडी लावून चढणार? चेंबरच्या तळाला पाणी वाहून नेणारी अर्धगोल खाचही नाही, नुसता सिमेंटचा हौद करून ठेवलाय. त्यात गाळ बसतोच, बसणारच. वळणावर काटकोनात एल्बो ठोकलाय, ज्यातून कामटी वळतच नाही. आतल्या फरशीचा ढाळ मात्र हाच माणूस चार वेळा पाणी ओतून दाखवत होता, कारण ती दिसते.

आत काय निघतं तेही ऐका. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यात तेल-तूप आणि साबण मिळून पांढरा, खडूसारखा थर धरतो. त्यावर केस, चहाचा चोथा, शाम्पूच्या पुड्या, ओले वाइप्स. आणि सॅनिटरी पॅड. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात टाकायला किती कष्ट पडतात हो? मोरीच्या जाळ्या तर सगळ्यांनी काढून टाकल्यात, का तर "पाणी लवकर जातं". जातं ना. माझ्याकडे येतं.

यावर एकानं काय म्हणावं? "तुम्ही कशाला करता, कुणीतरी माणूस बघा, पाचशे रुपयांत उतरेल." इथे माझं डोकं खरंच फिरलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं मरतात, इतकी की 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख द्या. आमचं चेंबर दोन फूट खोल, त्यात मांजरही उतरणार नाही. पण घाण आपली आणि ती काढायला जन्मलेली माणसं वेगळी, ही समजूत काही डोक्यातून निघत नाही. तुमच्या तेलात हात घातला म्हणून मी बाटणार असेन, तर ते तेल ओतणारे तुम्ही कोण?

असो. पाइप मोकळा झाला. आता काढलेला गाळ घमेल्यात पडलाय, निथळतोय. सकाळी घंटागाडीवाला म्हणाला, "ताई, हे ओल्यात पण नाही आणि सुक्यात पण नाही." त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. काकूंनी गच्चीवरून बघितलं आणि खाली ओरडून विचारलं, "अगं, ते तिथंच ठेवणार आहेस का?"

हो. काठोकाठ भरलंय, आणि त्यातला कोणता ऐवज कुणाच्या घरचा, ते ज्याला बघायचंय त्यानं खाली यावं.